"आई आल्यात? मजा आहे तुमची!"

मंडळी, पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. ज्यांच्याकडे सध्या आईबाबा किंवा सासूसासरे आलेले आहेत त्यांनी तर नक्की वाचा. पटलं नाही तर भांडा, चालेल.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. दोघांच्याही नोकऱ्या, लेक अडीच वर्षांची. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सासूसासरे साताऱ्याहून आले, मार्चअखेर परत जातील. मित्रमंडळींना कळल्यावर प्रत्येकाचं पहिलं वाक्य तेच. "आई आल्यात? मजा आहे तुमची!" मीही हे वाक्य आजवर दहा जणींना म्हटलंय. त्याचा अर्थ आपल्याला सगळ्यांनाच माहीत आहे. गरम पोळ्या, डब्यात लाडू, डेकेअरमधून ताप घेऊन आलेल्या पोरीजवळ बसणारं माणूस. आणि सुट्ट्यांमध्ये घरभर पाहुणे बोलवायची हिंमत.

ती हिंमत मी केली. ग्रुपवर टाकून दिलं, "आई आल्यात, यंदा सगळे आमच्याकडे या." बॉस्टनचे आले, व्हर्जिनियाचे आले, नवऱ्याचा कॉलेजमधला मित्र टेक्सासहून बायकोमुलांसकट चार दिवस राहायला आला. थँक्सगिव्हिंग ते न्यू इयर, मधले पाचही वीकेंड बुक. आईंना विचारलं का? नाही. सांगितलं. "आई, गुरुवारी वीसेक माणसं आहेत हं."

त्या गुरुवारची गोष्ट सांगते. २७ नोव्हेंबर २०२५, थँक्सगिव्हिंग. आणि तोच मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. माझ्या लक्षातही नव्हतं, कालनिर्णय बाबांनी बॅगेतून आणून किचनमध्ये टांगलं होतं तरी. आई पहाटे पाचला उठल्या, कलश मांडला, पोथी वाचली आणि उपाशीपोटी मसालेभाताची तयारी सुरू केली. अळूवड्या फ्रोझनच्या आणते म्हटलं तर "श्शी, त्या कुणी खायच्या" म्हणाल्या. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी घर दणाणून गेलं. पुऱ्या तळताहेत, पोरं मॅक अँड चीज मागताहेत, पुरुषमंडळी फुटबॉलसमोर. "काकू, काय चव आहे हो!" असं प्रत्येकाने किचनच्या दारात येऊन सांगितलं आणि ताट घेऊन परत गेलं. आईंनी नैवेद्य दाखवून उपास सोडला तेव्हा साडेनऊ वाजले होते. उभ्याउभ्या, ओट्याशी.

कुणी वाईट माणसं नाहीत ही. मीही तिथेच होते, ट्रे उचलत, हसत, फोटो काढत. त्या फोटोंमध्ये आई एकातच आहेत, तेही पाठमोऱ्या.

दोन दिवसांनी सकाळी साडेसहाला मी पाणी प्यायला खाली आले. आई व्हिडिओ कॉलवर होत्या, साताऱ्याच्या मावशींशी. त्या विचारत होत्या, काय गं, अमेरिका काय म्हणते? आई म्हणाल्या, "काय म्हणणार. तिथल्यासारखंच आहे सगळं. फक्त इथे भांड्याला मावशी नाहीत."

तक्रारीचा सूरच नव्हता त्यात. हवामान सांगावं तसं सांगितलं. मी पाणी न पिताच वर गेले.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, तिला आवडतं करायला. नको म्हटलं तर वाईट वाटेल." हे वाक्यही आपल्या घराघरात असतं. आणि ते खोटं नाही, म्हणूनच त्याचा इतका उपयोग होतो. आईंना खाऊ घालायला आवडतंच. पण आवडतं म्हणून वीस माणसांचं आवडतं, पाच वीकेंड आवडतं, उपास असताना आवडतं, हे आपणच परस्पर ठरवून टाकलं. साताऱ्यात वीस माणसांचा स्वयंपाक असतो तेव्हा आधी चर्चा होते, शेजारच्या काकू लाटायला येतात, भांड्याला मावशी असतात. आणि मुख्य म्हणजे पाहुणे त्यांचे असतात. इथे त्या आमच्या पाहुण्यांसाठी राबत होत्या, ज्यांची नावंसुद्धा त्यांना धड माहीत नव्हती. टेक्सासच्या मित्राला त्या दोन दिवस "बोस्टनवाला" समजत होत्या.

आणखी एक, जे मला जास्त लागलं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा उजवा गुडघा सुजलेला दिसला. विचारलं तर, "जुनंच आहे, तेल लावते." चार दिवस लपवलं होतं, कारण इथल्या डॉक्टरांच्या बिलांच्या गोष्टी आम्हीच जेवताना हसतहसत सांगितल्या होत्या. व्हिजिटर इन्शुरन्स आम्ही काढलाय, पण जुन्या दुखण्याला ते बहुतेक हात वर करतात, हे तुम्हालाही माहीत असेल. म्हणजे इथे आलेल्या माणसाला दुखणं परवडत नाही, आणि आम्ही त्याच माणसाला दिवसाचे आठ तास उभं ठेवत होतो. व्हिसा तर फिरायला यायचा काढला होता ना?

बाबांकडून मात्र कुणाचीच काही अपेक्षा नव्हती. ते आरामाला आलेले. (न्याय म्हणून सांगते, आता त्यांनी डिशवॉशर हाती घेतलाय. तोवर आमच्याकडे डिशवॉशर म्हणजे भांडी निथळायची जागा होती. आता रात्री साबणाची वडी टाकून बटण ते दाबतात आणि त्याचा त्यांना भारी अभिमान आहे.)

मग आम्ही बदल केला, आणि तो पहिल्यांदा साफ फसला. ख्रिसमसच्या वीकेंडला येणाऱ्यांसाठी मी इथल्या एका मराठी ताईंकडे जेवणाचे ट्रे सांगून टाकले. आईंना परत सांगितलंच, विचारलं नाही. त्या दिवसभर गप्प. रात्री म्हणाल्या, "माझ्या हाताला चव राहिली नाही का आता?" मला रडू आलं. मग बसून नीट बोललो, तिघंही. ठरलं असं की एक पदार्थ त्यांचा, त्यांना हवा तो, आणि बाकीचं येणारे घेऊन येतील. त्यांनी पुरणपोळी निवडली. पुरण वाटलं आणि पोळ्या लाटल्या नवऱ्याने, त्या खुर्चीवर बसून सूचना देत होत्या. पोळ्या फुटल्या, पुरण तव्यावर करपलं, आणि आई इतक्या हसल्या की लेक घाबरून माझ्याकडे आली.

पण खरी गंमत त्याच्या आठवडाभर आधी झाली होती. घराजवळच्या लायब्ररीत मुलांचा गोष्टींचा तास असतो, तिथे आई नातीला घेऊन जातात. तिथे त्यांची आणखी आज्यांशी ओळख झालेली, एक नागपूरच्या, एक कोल्हापूरच्या, अशा पाचजणी. हे आम्हाला माहीतच नव्हतं! १८ डिसेंबरला मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, उद्यापन. आई चाचरत म्हणाल्या, "मी माझ्या मैत्रिणींना हळदीकुंकवाला बोलावू का?" स्वतःच्या मुलाच्या घरात, परवानगी. मी हाफ डे टाकला. साडेचारलाच अंधार पडतो, गाडी एकीलाही चालवता येत नाही, तेव्हा नवरा आणि बाबा दोन फेऱ्या मारून सगळ्यांना घेऊन आले. केशरी दूध मी आटवलं, फळं आणली. त्यातल्या एका काकूंचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेलेत. आईंनी त्यांनाही बोलावलं, त्यांनाही कुंकू लावलं, कुणी काही बोललं नाही. अडीच तास त्या सोफ्यावर बसून होत्या. मी आतबाहेर करत होते आणि एकीने मला म्हटलं, "सूनबाई, छान झालंय हो दूध!"

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. सुट्ट्यांचं कॅलेंडर भरताना एक तरी वीकेंड आलेल्या आईच्या पाहुण्यांसाठी ठेवा. तिला इथे पाहुणे नसतील तर ते आपण मिळवून द्यायचे, गाडीने आणायचे, गाडीने सोडायचे. आणि दुसऱ्यांकडे जाताना, जिथे आई आलेल्या आहेत तिथे रिकाम्या हाताने आणि नुसत्या कौतुकाच्या वाक्याने जाऊ नका. एक भाजी न्या, निघण्याआधी भांडी घासा, त्यांच्याशेजारी दहा मिनिटं बसा. आमच्या ग्रुपवर मी हे लिहिलं तेव्हा दोघांनी "एवढं काय सिरियस" म्हणून टाकलं. असू दे. एक मैत्रीण मात्र थँक्सगिव्हिंगला काकूंना जेवायला बसवलंच नाही म्हणून वेगळा फोन करून त्यांच्याशी बोलली.

आता संक्रांत आली. रथसप्तमीपर्यंत वेळ आहे, म्हणून हळदीकुंकू १७ जानेवारीच्या शनिवारी ठरलंय. यादी आईंनी केली आहे, अकरा नावं, त्यातली मला चारच माहीत आहेत. मला वाणाच्या वाट्या आणायला सांगितल्यात. कुठल्या दुकानात सेल आहे, तेही त्यांनीच सांगितलं.