रजा मंजूर, वेतनाचे काय?

प्रसूती रजेच्या बाबतीत आपले नियम कागदावर तरी कृपण नाहीत. राज्य शासनाने २००९ साली आपल्या कर्मचारी स्त्रियांची ९० दिवसांची प्रसूती रजा वाढवून १८० दिवसांची केली. खाजगी क्षेत्रासाठी संसदेने २०१७ साली १२ आठवड्यांच्या जागी २६ आठवडे केले. जगातील अनेक संपन्न देशांच्या तुलनेतही ही मुदत उणी म्हणता येणार नाही. परंतु अशा नियमांची खरी परीक्षा रजा मंजूर होते त्या दिवशी होत नसते. रजा संपवून बाई पुन्हा रुजू होते आणि पहिल्या महिन्याचे वेतन तिच्या खात्यात जमा होते, तेव्हा ती होते. त्या दिवशी हाती येणारा आकडा अपेक्षेपेक्षा कमी असतो आणि तो कमी का आहे, हे सांगायला कोणी नसते, असा अनुभव पुष्कळ जणींना येतो.

शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांचा विचार या दृष्टीने करण्यासारखा आहे. शहापूर तालुका संपूर्णपणे आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तानसा आणि भातसा यांचे पाणी येथून मुंबईला जाते, पण मुरबाडला अजून रेल्वे नाही. कल्याणहून कसारा लोकलने आसनगाव किंवा आटगाव गाठायचे, तेथून एस. टी. अथवा जीप धरायची आणि उरलेली वाट पायी तुडवायची, हा येथल्या अनेक शिक्षिकांचा रोजचा क्रम आहे. वेतनासंबंधी काही विचारायचे तर तालुक्याच्या पंचायत समितीत जावे लागते. तान्हे मूल घरी ठेवून शाळेत जाणाऱ्या बाईने ही चौकशी कधी करावी? त्यासाठी आणखी एक किरकोळ रजा खर्ची घालावी लागते. मग ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे म्हणून ती गप्प राहते.

उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. डोळखांब किंवा टोकावड्याच्या बाजूच्या एका शाळेतील शिक्षिका २० जूनपासून १८० दिवसांच्या रजेवर गेली, असे समजू. तिचे मूळ वेतन ३५,९०० रुपये असून तिची वार्षिक वेतनवाढ १ जुलै रोजी देय आहे. वाढीनंतर मूळ वेतन ३७,००० रुपये व्हायचे. रजा १६ डिसेंबरला संपते आणि १७ डिसेंबरला ती रुजू होते. नियम असा आहे की, रजेच्या काळातील वेतन हे रजेवर जाण्यापूर्वी लगेच घेतलेल्या वेतनाइतके असते आणि रजेत देय झालेल्या वेतनवाढीचा पैसा रुजू झाल्याच्या दिवसापासून मिळतो. म्हणजे जुलै ते नोव्हेंबर हे पाच महिने आणि डिसेंबरचे सोळा दिवस, महिन्याला १,१०० रुपये या हिशेबाने सहा हजारांहून थोडी अधिक रक्कम तिला मिळत नाही. त्यावरचा महागाई भत्ता वेगळाच. शिवाय ज्या कॅलेंडर महिन्यात ती एकही दिवस कामावर नव्हती, त्या महिन्याचा वाहतूक भत्ता नाही. डिसेंबरचे देयक तर दोन तुकड्यांत होते : सोळा दिवस जुन्या दराने रजावेतन, पंधरा दिवस नव्या दराने वेतन. यातले काहीही नियमबाह्य नाही. पण हे तिला आधी कोणीही सांगितलेले नसते, आणि न सांगितलेली कायदेशीर कपात ही सोसणाऱ्याला अन्यायासारखीच वाटते.

खरा अन्याय याच्या पलीकडे सुरू होतो. रजेचा अर्ज केंद्रप्रमुखांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जातो, तेथे मंजुरीचा आदेश वेळेवर निघत नाही, सेवापुस्तिकेत नोंद होत नाही, आणि ‘शालार्थ’ प्रणालीत देयक भरताना तो काळ विनावेतन दाखवला जातो किंवा वेतनच थांबवून ठेवले जाते. क्वचित पुढच्या १ जुलैची वेतनवाढही ‘सहा महिने सेवा झाली नाही’ म्हणून अडवली जाते. ही मात्र उघड चूक होय. प्रसूती रजा ही असाधारण रजा नव्हे. तिचा काळ वेतनवाढीसाठी धरला जातो. वेतनवाढीचा पैसा रुजू होईपर्यंत लांबणे निराळे आणि वेतनवाढच नाकारणे निराळे. हा भेद कारकुनाने ओळखला पाहिजे आणि शिक्षिकेनेही.

तिसरा प्रकार वसुलीचा. कार्यालयाने आपल्याच चुकीने जादा रक्कम दिली आणि काही वर्षांनी हिशेब तपासताना ती एकरकमी कापली, असे होते. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या खटल्यात काही मर्यादा घालून दिल्या आहेत. तिसऱ्या व चौथ्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करता येत नाही, तसेच पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली गेली असेल तरीही ती करता येत नाही. यापुढचे वेतन दुरुस्त करण्यास कार्यालय मोकळे आहे. मागचे ओरबाडून घेण्यास नाही.

येथे नियम बनवणाऱ्यांनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. रजेतील वेतनवाढीचा पैसा लांबवण्याचा नियम सर्व रजांना सारखाच आहे, त्यात स्त्रियांवर विशेष अन्याय कोठे, असे उत्तर मिळेल. हे उत्तर वरवर बिनतोड दिसते. पण अर्जित रजा घेणारा मनुष्य १ जुलैला कामावर हजर राहून २ जुलैला रजेवर जाऊ शकतो, आणि जाणते लोक तसे करतातही. बाळंतपण वेतनवाढीची तारीख पाहून येत नाही. ज्या नियमातून वाट काढण्याची सोय एकाला आहे आणि दुसरीला निसर्गतःच नाही, तो नियम समान शब्दांत लिहिलेला असला तरी समान राहत नाही. प्रसूती रजेपुरती वेतनवाढ देय तारखेपासूनच द्यावी, एवढी दुरुस्ती वित्त विभागाला जड जाऊ नये.

या मागणीत दयेची याचना नाही. मुंबई प्रांताने प्रसूती लाभाचा कायदा १९२९ साली केला. त्याच्या आदल्या वर्षी कायदेमंडळातील चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार करताना मातेची विश्रांती हे राष्ट्राचे हित आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः शासनाने उचलला पाहिजे, अशी भूमिका मांडली होती. पुढे १९६१ चा केंद्रीय कायदा आला. प्रसूतीच्या कारणाने गैरहजर असलेल्या स्त्रीला कामावरून काढणे, किंवा तिच्या सेवाशर्तींत तिला अपायकारक असा बदल करणे, हे त्याच्या बाराव्या कलमाने बेकायदा ठरवले. पंधरा महिन्यांच्या आतील मुलाला पाजण्यासाठी मिळणाऱ्या दोन विरामांपायी वेतन कापता येणार नाही, असेही त्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असली, तरी ही संरक्षणे संहितेत कायम आहेत. लाभाचा हिशेब करताना रविवार वगळायचे की धरायचे, असा वाद १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने ते धरले पाहिजेत असा कौल दिला. मातेच्या पदरात पडणाऱ्या पैशाचा हिशेब संकुचित बुद्धीने करू नये, हा त्याचा अर्थ.

तरीही जिच्याजवळ सेवापुस्तिका आहे ती या दोन तालुक्यांतील भाग्यवान स्त्री म्हटली पाहिजे. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटदारामार्फत लागलेली मुलगी रजेवरून परत येते तेव्हा करार संपलेला असतो. नवे नेमणूकपत्र मिळाले तर ते प्रारंभीच्या दराने. कराराची मुदत संपली म्हणून प्रसूती लाभ संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली डॉ. कविता यादव यांच्या खटल्यात सांगितले. पण ते वसाहतीच्या फाटकापर्यंत कोणी पोहोचवायचे? अंगणवाडी सेविकेला १८० दिवसांची मानधनासह रजा मान्य आहे. आशा सेविकेच्या मोबदल्याचा मोठा भाग कामागणिक मिळतो, तेव्हा काम थांबले की तेवढा मोबदला थांबतो. इतरांच्या बाळंतपणासाठी रात्री-अपरात्री धावणाऱ्या बाईच्या स्वतःच्या बाळंतपणाची ही व्यवस्था. आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी जोडप्याचा हिशेब तर हजार विटांवर चालतो. बायको बाळंत झाली की विटा घटतात आणि घेतलेली उचल अंगावर राहते. तिच्या बाबतीत वेतनात बदल होत नाही; ती ऋणात जाते. हजेरीपटावरील रोजंदारी स्त्रियांनाही प्रसूती लाभ मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेच्या खटल्यात २००० सालीच म्हटले होते. भट्टीवर मात्र हजेरीपटच नसतो.

असे संरक्षण फार वाढवले तर मालक स्त्रियांना कामावरच घेणार नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच पोकळ नाही. सारा भार एकट्या मालकावर टाकला तर तो पळवाट शोधणारच. म्हणूनच कर्मचारी राज्य विम्यासारखी, सर्वांच्या वर्गणीतून लाभ देणारी व्यवस्था अधिक शहाणपणाची, आणि तिचा विस्तार लहान कारखाने व खाजगी शाळांपर्यंत व्हायला हवा. अर्थशास्त्राचे २०२३ चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवून दिले आहे की, संपन्न देशांतही स्त्री-पुरुषांच्या कमाईतील आजचे अंतर मुख्यतः पहिल्या मुलाच्या जन्मापासून रुंदावत जाते. तेव्हा हा शहापूरच्या एखाद्या टेबलावरील फायलीचाच प्रश्न नाही. पण तो सोडवायला सुरुवात त्या फायलीपासूनच करावी लागेल.

त्यासाठी फार मोठ्या योजनेची गरज नाही. रजा मंजूर करतानाच एका कागदावर लिहून द्यावे : रजावेतन इतके, वेतनवाढ या तारखेपासून, अमुक भत्ता मिळणार नाही, रुजू झाल्यावर वेतन इतके. त्याची एक प्रत तिला द्यावी, एक सेवापुस्तिकेला लावावी. हे काम कारकुनाला वाढीव वाटेल. त्याच्यापुढे अनेक शाळांच्या सेवापुस्तिकांचा ढीग असतो हे खरे आहे. परंतु आज न लिहिलेल्या एका कागदापायी उद्या दहा अर्ज, चार फेऱ्या आणि एखादा न्यायालयीन दावा त्याच्याच टेबलावर येतो. शिक्षिकांनीही तोंडी उत्तरावर समाधान मानू नये. मंजुरी आदेशाची प्रत मागावी, सेवापुस्तिकेतील नोंद डोळ्यांनी पाहावी, कपातीचे कारण लेखी विचारावे आणि अर्जाची पोच घ्यावी. संघटनांनी बदल्यांच्या मोसमात दाखवलेला उत्साह थोडा इकडेही दाखवावा.

मूल जन्माला घालणे हा सेवेतील खंड नव्हे, असे आपले नियम म्हणतात. महिनाअखेरीच्या वेतनपत्रकानेही तेच म्हटले पाहिजे.