घरची हत्यारं : रंधा मशीनचं अडकलेलं लॉक

पावसाळा उलटला, मंगरूळपीरकडच्या घरात रंधा मशीन बाहेर निघाली, आणि टेबल आवळायचं लॉक हलेना. सागवानाचा भुसा ओल धरतो, आटे गंजतात. अब्बा हातोडी मागतील, देऊ नका. बीड ठिसूळ, एका घावात तडकतं.

आधी प्लग काढा. भुसा झाडा. गंज सोडवायचा स्प्रे आट्यांवर मारून रात्रभर राहू द्या. जवळ विडी नको. सकाळी किंचित आवळा, मग सैल करा, पुन्हा तसंच. सुटल्यावर आट्यांना मेण लावा, तेलावर भुसा चिकटतो. जिथे पकड बसते ती जागा मात्र कोरडी ठेवा.

लॉक आवळून टेबल दाबून बघा. जरा सरकलं, तर मुलीच्या निकाहाचं कपाट थांबू द्या. पात्यापुढे बोटं असतात.