कपड्यात थोडी माया ठेवा



मार्च उजाडला की आमच्याकडे विदर्भात सकाळची शाळा सुरू होते. आठ-साडेआठपर्यंत वर्गात बरं वाटतं. दहा वाजले की पत्रे तापतात आणि मुलांचं लक्ष फळ्यावरून उडतं. गेल्या वर्षी माझ्या तिसरीच्या वर्गातली एक मुलगी सारखी मान आणि काख खाजवत होती. वाढदिवस होता, म्हणून नवा फ्रॉक घालून आली होती. वरून जाळी, आतून चकचकीत अस्तर, गळ्याला टोचणारी लेस. "नीट बस" म्हणून मी तिला दोनदा रागावलो. मधल्या सुट्टीत तिने मान दाखवली. सगळी घामोळ्यांनी लाल झाली होती. तेव्हा मात्र मलाच खाली मान घालावी लागली.

शाळा सुटताना तिची आई न्यायला आली. म्हणाली, "सर, सातशेचा फ्रॉक आहे. दोन दिवसांची मजुरी गेली." तिचं काहीच चुकलं नव्हतं. लेकीला तिने परवडेल त्यातलं सगळ्यात चांगलं घेतलं होतं. पण एक गोष्ट माझ्या मनातून जाईना. हीच बाई दिवाळीच्या आगेमागे दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचते. आपण ज्याला पांढरं सोनं म्हणतो तो कापूस तिच्या हातातून जातो, आणि तिच्या लेकीच्या अंगाला मात्र प्लॅस्टिकचा धागा टोचतो.

म्हणून आज स्पष्टच लिहितो. लहान मुलांचे उन्हाळ्यातले निदान दोन कपडे आपण घरी शिवावेत, आणि कापड ओळखणं व साधी शिवण शाळेत मुला-मुलींना शिकवावी. हा हौसेचा विषय नाही. मुलाच्या अंगाचा आणि अभ्यासाचा विषय आहे.

आधी कापड समजून घेऊ

घाम अंगावरून उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो, हे आपण परिसर अभ्यासात शिकवतोच. मग त्याला उडून जायला वाट हवी ना? सुती कापड घाम टिपतं आणि बाहेरच्या हवेला देतं. कापूस नेहमीच्या हवेत स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून दाट विणीच्या पॉलिस्टर अस्तराखाली घाम अंगावरच साचतो, चिकटतो आणि घामोळ्या येतात.

पण "सुती म्हणजे थंड" एवढ्यावर थांबू नका. जीनचं जाड कापडही सुतीच असतं, ते एप्रिलमध्ये घालून बघा! धाग्याइतकीच वीण आणि कपड्याचा सैलपणा महत्त्वाचा आहे. विरळ विणीतून हवा खेळते, आणि सैल कपडा हलला की आतली गरम हवा बाहेर पडते. आपल्या जुन्या लोकांची बंडी, बाळाचं झबलं, मुलींचं परकर-पोलकं हे सगळे कपडे सैल आणि सुती का असायचे, ते यावरून कळतं.

दुकानात काय मागायचं?

मलमल सगळ्यात हलकी आणि मऊ. तान्ह्या बाळाला उत्तम, पण पातळ असते, मोठ्या मुलांच्या अंगावर लवकर फाटते. व्हॉइलही तशीच हलकी. कोकणात, मुंबईत जिथे हवा दमट असते आणि घाम सहज वाळत नाही, तिथे अशी विरळ कापडं जास्त उपयोगी. जाड सुती तिथे ओलंच राहतं. शाळेत जाणाऱ्या मुलासाठी मला केंब्रिक आवडतं. मऊ असतं, टिकतं आणि शिवायला सोपं जातं, नवशिक्याच्या हातातून निसटत नाही. पॉपलिन थोडं दाट, चड्डीला चांगलं. मांजरपाट सुरुवातीला कडक वाटतो, चार धुण्यांनंतर मऊ होतो. खादीचं सूतही हाताने कातलेलं आणि वीणही हातमागाची, त्यामुळे कापड हवेशीर असतं. लिनन आपल्या जवसाच्या झाडाच्या खोडातल्या धाग्यापासून होतं. ते थंड खरं, पण महाग. वाढत्या मुलासाठी मी तरी घेणार नाही.

रेयॉन बघून बरेच जण फसतात. ते मऊ, सुळसुळीत असतं आणि घामही टिपतं. लाकडाच्या लगद्यापासून बनवतात. पण ओलं असताना त्याची ताकद कमी होते आणि ते आटतंही. मुलांच्या रोजच्या धुण्या-पिळण्याला ते पुरत नाही.

दुकानदार "कॉटनच आहे" म्हणाला तरी कापडाचा कोपरा मागून घ्या. कडेचे दोन-तीन धागे काढा आणि घरी आल्यावर चिमट्यात धरून पाण्याच्या ताटलीवर पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. मिश्र कापडात दोन्ही खुणा दिसतात. हे काम मोठ्यांनीच करायचं, मुलांनी लांबून बघायचं. ही वितळणारी गोळी एकदा बघितली की दिवाळीत फटाक्यांजवळ असे कपडे का नकोत तेही कळतं. पेट सुती कपडाही घेतो, म्हणून सावध तर राहायलाच हवं. पण वितळलेलं कापड कातडीला चिकटतं.

आणि सगळ्यात उत्तम कापड बहुतेक घरातच असतं. आजीचं जुनं सुती लुगडं, आजोबांचं धोतर. शेकडो वेळा धुतलेल्या त्या कापडाइतकं मऊ नवं कापड मिळणार नाही. आणि ते फुकट!

माझा फसलेला फ्रॉक

शिवण मी आईच्या पायमशीनवर शिकलो. माझ्या मुलीसाठी पहिला फ्रॉक शिवला, तिला तो अंगात बरोब्बर बसला. मी खूश. पहिल्याच धुण्यानंतर तो तिच्या डोक्यातून खाली उतरेना, आणि पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं. आईने एवढंच विचारलं, "कापडाला आधी पाणी दाखवलंस का? आणि माया किती ठेवलीस?"

शिवणीत जे जास्तीचं कापड आत दुमडून ठेवतात, त्याला आपल्याकडे माया म्हणतात. मूल वाढलं की शिवण उसवायची आणि माया सोडायची, कपडा आणखी एक वर्ष चालतो. बाजारातल्या कपड्यात बहुतेक वेळा ही माया नसते, अर्ध्या सेंटीमीटरवर टीप मारलेली असते. घरी शिवलेल्या कपड्याचा हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो.

आता हिशोब बघा. सात-आठ वर्षांच्या मुलीची छाती साधारण २४ इंच धरू. सैलपणासाठी त्यात ६ इंच मिळवले, झाले ३०. पुढचा भाग १५, मागचा १५. दोन्ही बाजूंना एकेक इंच माया धरली की प्रत्येक भाग १७ इंच रुंद. उंची २४ इंच, त्यात खांद्याची शिवण आणि खालची दुमड मिळून ३ इंच, म्हणजे २७. कापडाचा पन्हा ४४ इंच असेल तर १७ आणि १७ असे दोन्ही भाग शेजारी-शेजारी बसतात. म्हणजे एक मीटर, ३९ इंच कापड पुरतं. आटण्यात दोनेक इंच गेले तरी गळ्याच्या आणि मुंढ्याच्या उरेब पट्ट्या व एक खिसा त्यातच निघतो.

कापड रात्रभर पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा, इस्त्री करा आणि मगच कात्री लावा. फ्रॉकची लांबी कापडाच्या काठाला समांतर, उभ्या धाग्यावर धरा. गळा आधी लहानच कापा. लहान गळा मोठा करता येतो, मोठा झालेला लहान होत नाही.

हे वर्गात कशासाठी?

वरचा हिशोब पुन्हा वाचा. मापन, बेरीज, निम्मे, पाव, सममिती सगळं त्यात आलं. कापडाची चौपदरी घडी घालून एकदा कापलं की चार सारखे भाग कसे होतात, हे मुलं हाताने शिकतात. माझ्या वर्गात आम्ही २० सेंमीचा सुती चौकोन कापला, भिजवला, वाळवला, पुन्हा मोजला. १९ भरला. "सर, एक सेंटीमीटर कुठे गेला?" या एका प्रश्नावर पूर्ण तासिका गेली, आणि ती माझ्या चांगल्या तासिकांपैकी एक होती.

ही कल्पना काही माझी नाही. १९३७ साली वर्ध्याला झालेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षण मांडलं, तेव्हा सूतकताई त्याच्या मध्यभागी होती. कार्यानुभव विषय आजही आपल्या वेळापत्रकात आहे. त्या तासाला आपण बऱ्याचदा काय करतो, हे ज्याचं त्याने मनाशी विचारावं. मीही त्या तासाला गणिताचं राहिलेलं उरकत होतो.

सुरुवात छोटी करा. गावातल्या शिंप्याकडून कात्रणं आणा. तिसरी-चौथीला धावदोरा आणि बटण लावणं पुरे. सुया मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या. आणि मुलांनाही शिकवा. माझ्या वर्गात एका मुलाने "हे पोरींचं काम" म्हटलं. मी विचारलं, "गावात शिंपी कोण आहे?" तो गप्प बसला, मग सुई मागायला आला.

"पण सर, वेळ कुठे आहे?"

हा प्रश्न खरा आहे. मिश्र कापड लवकर वाळतं, इस्त्री लागत नाही, रंग टिकतो. दिवसभर राबून आलेल्या आईला त्याचं मोल आहे, पावसाळ्यात तर फारच. म्हणून सगळे कपडे घरी शिवा असं मी म्हणत नाही. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांसाठी दोन कपडे, बस. मशीन नसेल तर शेजारी असतं, शिंपी असतो. कापड तुम्ही निवडा, माया ठेवायला सांगा, टीप त्याला मारू द्या.

शिक्षकांना एक विनंती. शाळा व्यवस्थापन समितीत गणवेशाचा विषय निघाला की आपण रंग आणि भाव बघतो. पुढच्या वेळी कापडाचा तुकडा मागा, त्यावर पाण्याचा थेंब टाका, तो शोषला जातो का बघा. नव्या कापडाला खळ असते, तेव्हा आधी एकदा धुऊन घ्या. आणि उन्हाळ्यात वर्गातलं मूल चुळबुळ करायला लागलं तर रागावण्याआधी त्याची कॉलर तपासा.

त्या मुलीसाठी तिच्या आईने मे महिन्यात जुन्या सुती साडीचा फ्रॉक शिवून घेतला. जूनच्या शेवटी शाळा उघडली, तेव्हा ती तो दाखवायला आली. "सर, आतून बघा," म्हणाली, आणि शिवण उलटी करून दाखवली. दोन्हीकडे दोन-दोन बोटं माया होती.