लिंबू उलटा वार करत नाही

२०२४ मध्ये दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला. आता शिवजयंतीच्या मिरवणुकीत जालन्यात पट्टा गरगर फिरतो, लिंबू कापलं जातं, मोबाईल वर होतात, रील पडते. पण लिंबू उलटा वार करत नाही. मग यातून बचाव कोण शिकणार?

असं विचारलं की "आपल्या पूर्वजांना सगळं येत होतं" हे उत्तर ठरलेलं. येतच होतं. फरी-गदगा बघा. एका हातात चामड्याची ढाल ती फरी, दुसऱ्या हातात कातडं चढवलेली काठी तो गदगा, आणि समोर तसाच सज्ज माणूस, जो खरंच मारणार. जीव न घेता तलवारीची तालीम करायची ही आपलीच सोय. मिरवणुकीला मात्र ती परवडत नाही, कारण खरी झुंज रीलइतकी देखणी नसते.

जर्मनीत लाँगसोर्डची, म्हणजे दोन्ही हातांनी धरायच्या लांब तलवारीची, परंपरा चक्क तुटली होती. उरली लिख्तेनॉअर या गुरूची गूढ पद्यं आणि पंधराव्या शतकातल्या हस्तलिखितांत केलेला त्यांचा उलगडा. गेल्या काही दशकांत लोकांनी ते वाचून, तोंडाला जाळी बांधून, बोथट तलवारींनी एकमेकांना ठोकत ही विद्या परत उभी केली. तिचं म्हणणं असं की नुसतं अडवणं हे कच्च्या गड्याचं काम. एक वार अडवाल, दुसरा अडवाल, तिसरा बसेल, कारण प्रत्येक वेळी पुढची चाल त्याचीच. म्हणून 'अबझेत्सन': तो भोसकायला आला की आपल्या पात्यानं त्याचं पातं बाजूला सारायचं, पण आपलं टोक त्याच्यावरच रोखलेलं ठेवायचं. पाऊल पुढे पडलं की एकाच हालचालीत त्याची वाट बंद, आपली उघडी. त्याची चाल संपायच्या आतल्या या क्षणाला ते 'इंडेस' म्हणतात. ठरवून, हळूच वार करणाऱ्या जोडीदारासमोर तो क्षण कधीच सापडत नाही.

मिरवणुकीचं एक वेळ सोडा. उन्हाळी शिबिरांत मुलींना 'स्वसंरक्षण' म्हणून दहा दिवस लाठी फिरवायला लावतात आणि प्रमाणपत्र देतात. व्यायाम म्हणून उत्तम. पण तिच्या हातातली लाठी हिसकायला एकदाही कोणी समोर आलं नसेल, तर तिला तुम्ही खोटा भरवसा देताय. आमच्या धंद्यात टेस्ट न करता कोड लाइव्ह टाकणाऱ्याला शिव्या पडतात. इथे शाल-श्रीफळ मिळतं.

मंडळांनी डीजेचे थोडे पैसे वाचवून हेल्मेट, जाड हातमोजे आणि फरी-गदगे आणावेत. लिंबू कापणाऱ्या पठ्ठ्यासमोर एक गदगेवाला उभा करा. मग काढा रील.