कुलुपांतील ढाळज

झरीकडील जुन्या वाड्यांत दिंडीदरवाजांतून आंत शिरतांच बाजूस ढाळज लागते. तेथें पूर्वीं वाटसरू टेकत, हिशेब होत, गांवचे तंटे तुटत. आज तेथें मोडकी तिफण, खताचीं रिकामीं पोतीं आणि दारास कुलूप! माजघरांतील बळदाचीही तीच गत. जोंधळ्याच्या कित्येक शेतांत आतां सोयाबीन आलें. तें खळ्यावरून थेट बाजारांत जातें, मग बळद भरावें कशानें? त्याचा आम्हांस खेद नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीच्या भूकंपांत दगडमातीच्या भिंती व जड माळवदें कोसळून हजारों माणसें दगावलीं. तेव्हां ज्या भिंतीस पोट सुटलें आहे तिच्याखालीं कोणास बसवूं नये, हेंही आधींच सांगतों. परंतु धडधाकट ढाळज पाहुण्यांच्या नांवानें वर्षभर बंद ठेवावी, आणि मुलानें दूरदर्शनाच्या गोंगाटांत धडा वाचावा, हा कोणता न्याय? मुलीस तर तोही कोपरा मिळत नाहीं. ती चुलीपाशीं, भाकरी उलथतां उलथतां पाठ करते. सिमेंटच्या नव्या घरांतील दिवाणखान्याची कथा कांहीं निराळी नाहीं. पालकहो, किल्ली तिच्या हातीं द्या. पाहुणे आलेच, तर चार दिवस तिचीं पुस्तकें कोनाड्यांत राहतील.