बदललेला वाढघटक : दावा मोठा, पुरावा किती?



मुळशी तालुका जसा भातखाचरांचा, तसाच तो तालमींचाही. महाराष्ट्रातील कुस्तीला संघटित रूप देणारे मामासाहेब मोहोळ याच तालुक्यातील मुठे गावचे. ज्या म्हाळुंगे-बालेवाडी क्रीडासंकुलात १९९४ साली राष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाल्या, तेही तालुक्याच्या वेशीवरच उभे आहे. अशा भागात शरीर कमावण्याची हौस मुलांना असणारच, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण आता जोर, बैठका आणि दूध-बदामाच्या खुराकाबरोबर 'पेप्टाइड' हा नवा शब्दही तरुणांच्या कानावर पडू लागला आहे. काचेच्या छोट्या कुपीत पांढरी पूड असते. ती टोचून घेतली की स्नायू भराभर वाढतात, असे सांगितले जाते. वर पुस्तीही जोडली जाते, की 'हे शास्त्रज्ञांनी सुधारलेले आहे.'

शास्त्रज्ञांनी एखादा रेणू बदलला, हे खरे असू शकते. पण रेणू बदलणे ही एक गोष्ट आणि तो माणसाला उपयोगी व निर्धोक आहे असे सिद्ध होणे ही अगदी निराळी गोष्ट. हा फरक ओळखायला आपण शाळेतच शिकले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ते का, हे आता पाहू.

आपल्या रक्तात इन्सुलिनशी साम्य असलेले एक प्रथिन असते. त्याला इन्सुलिनसदृश वाढघटक-१, थोडक्यात 'आय.जी.एफ.-१' म्हणतात. १९५७ साली साल्मन आणि डॉगाडे या अमेरिकन संशोधकांना त्याचा पहिला सुगावा लागला. १९७८ मध्ये रिंडरक्नेख्त आणि हुंबेल यांनी झुरिच येथे त्याची रचना उलगडली. ही ७० अमिनो आम्लांची साखळी आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी वाढ-संप्रेरक सोडते, त्याच्या सांगण्यावरून यकृत हा घटक तयार करते, आणि मग हाडे, स्नायू व इतर अवयव वाढू लागतात.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्या. रक्तातील हा घटक मोकळा फिरत नाही. शेकड्यात एखादा भाग सोडला तर बाकी सगळा बंधक प्रथिनांनी धरून ठेवलेला असतो. अशी सहा बंधक प्रथिने ठाऊक आहेत. मुळशीचे धरण पावसाळ्यातले पाणी अडवते आणि भिऱ्याच्या वीजगृहाकडे बेताबेताने सोडते, तसेच हे आहे. मोकळा घटक रक्तातून काही मिनिटांतच नाहीसा होऊ लागतो. बांधलेला घटक मात्र कित्येक तास टिकतो.

आता 'सुधारणा' पाहू. १९९० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथील संशोधकांनी या साखळीच्या तिसऱ्या जागी असलेले ग्लुटामिक आम्ल काढून तेथे आर्जिनिन बसवले आणि साखळीच्या आरंभी १३ अमिनो आम्लांचा एक तुकडा जोडला. ८३ अमिनो आम्लांच्या या रेणूला 'लाँग आर-३ आय.जी.एफ.-१' म्हणतात. त्याची खुबी अशी, की बंधक प्रथिने त्याला फारसे धरू शकत नाहीत. म्हणजे धरणाला वळसा घालून जाणारे पाणीच म्हणा ना! काचपात्रात वाढवलेल्या पेशींवर तो मूळ घटकापेक्षा कमी मात्रेत काम करतो. म्हणूनच औषध कारखान्यांत पेशी वाढवण्याच्या द्रवात तो वापरतात. येथपर्यंतचा पुरावा पक्का आहे.

पण काचपात्र म्हणजे शरीर नव्हे. उंदरांना हा रेणू सतत दिला तेव्हा त्यांची वाढ झाली. मात्र ती सर्व अवयवांत सारखी नव्हती, आतड्याचे वजन विशेष वाढले. मग डुकरांवर प्रयोग झाले. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात काय आढळले असेल? डुकरांची वाढ चक्क मंदावली! त्यांच्या रक्तातील स्वतःचे वाढ-संप्रेरक घटले, स्वतःचा आय.जी.एफ.-१ घटला आणि एक प्रमुख बंधक प्रथिनही घटले. बाहेरून आलेला माल पाहून शरीराने आपला कारखाना मंद केला. एकच रेणू उंदरात एक करतो आणि डुकरात उलटे करतो. मग माणसात काय करील, हे तर्काने कसे सांगता येईल?

आणि माणसांत पुरावा काय आहे? या बदललेल्या रेणूने निरोगी माणसाचे स्नायू वाढतात असे दाखवणारी रीतसर नियंत्रित चाचणी नाही. कोणत्याही देशाच्या औषध नियंत्रकाने माणसासाठी त्याला मान्यता दिलेली नाही. कुप्यांवर 'फक्त संशोधनासाठी' असे छापलेले असते, ते उगीच नाही. मूळ, न बदललेला घटक मात्र २००५ साली अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाला, तोही ज्या मुलांच्या शरीरात तो जवळजवळ तयारच होत नाही अशा थोड्या मुलांसाठी. त्यांनाही रक्तातील साखर अचानक उतरण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टरांची नजर लागते.

कोणी म्हणेल, 'बदललेले वाढघटक सगळेच वाईट का?' मुळीच नाही! याचे उदाहरण मुळशीतच आहे. तालुक्यातील नांदे गावी लुपिन कंपनीचे संशोधन केंद्र आहे आणि घोटावड्याला तिचा जैवतंत्रज्ञान विभाग. या कंपनीने तयार केलेल्या औषधांपैकी एक आहे पेगफिल्ग्रास्टिम. हाही बदललेला वाढघटकच. पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या नैसर्गिक घटकावरून आधी फिल्ग्रास्टिम हे औषध झाले. ते काही तासांतच मूत्रपिंडावाटे निघून जाई, म्हणून कर्करोगाच्या रुग्णाला रोज टोचावे लागे. मग त्याला पॉलिएथिलीन ग्लायकॉलची लांब शेपटी जोडली. रेणू मोठा झाला, मूत्रपिंडातून सहज निसटेना, आणि उपचाराच्या एका फेरीला एकच इंजेक्शन पुरू लागले.

पण येथे संशोधक 'शेपटी जोडली' एवढे सांगून थांबले नाहीत. स्तनाच्या कर्करोगाच्या ३१० रुग्णांची एक चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना एकच नवे इंजेक्शन दिले, काहींना रोजचे जुने. कोणाला काय मिळाले हे उघड केले नव्हते. पांढऱ्या पेशी धोक्याच्या पातळीखाली किती दिवस राहिल्या, हे मोजले. दोन्ही गटांत तो काळ सरासरी दोन दिवसांच्या आतच आला. तुलना झाली, मोजमाप झाले, दोषही नोंदवले गेले. हाडे दुखतात, क्वचित प्लीहेला इजा होते, हे औषधाच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. हे औषध कोणासाठी आहे, हेही तेथेच लिहिलेले असते. मर्यादा लपवलेल्या नाहीत, म्हणून त्यावर विश्वास ठेवता येतो.

म्हणजे रेणू दोन, बदलण्याची कल्पना दोन्हीकडे हुशारीची. फरक आहे तो पुराव्याच्या वाटचालीत. एकाने काचपात्र, प्राणी, रुग्ण असे सर्व टप्पे पार केले. दुसरा प्राण्यांपाशीच अडकला आणि तेथून आडवाटेने थेट बाजारात उतरला.

विक्रेत्यांचा आणखी एक युक्तिवाद असतो: 'याने अपाय होतो असे तरी कुठे सिद्ध झाले आहे?' मित्रांनो, हा युक्तिवाद नीट पारखा. जिथे चाचणीच झाली नाही, तिथे अपाय दिसणार कसा? 'अपाय आढळला नाही' आणि 'अपाय शोधला नाही' ही दोन वाक्ये एक नव्हेत. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की 'हा रेणू माणसात काहीच करत नाही' असेही आपण म्हणू शकत नाही. पण काळजीला आधार आहे. ज्यांच्या रक्तात आय.जी.एफ.-१ जास्त असतो, त्यांच्यात प्रोस्टेट ग्रंथीच्या व स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण थोडे अधिक आढळले आहे. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, हे खरे. पण पेशींना 'वाढा' असा हुकूम देणारा घटक केवळ दंडाच्याच पेशींना तो हुकूम देईल, अशी हमी कोण देणार?

शिवाय तुमच्या वयाचा विचार करा. आयुष्यात आय.जी.एफ.-१ रक्तात सर्वांत जास्त असतो तो पौगंडावस्थेत, म्हणजे तुमच्या आताच्याच वयात. विहीर काठोकाठ भरलेली असताना बाहेरून घागरी ओतण्यात काय हशील? भरपूर झोप, डाळ-भात-भाकरी, दूध, अंडी आणि वस्तादांच्या नजरेखालची मेहनत यांनी जे घडते, त्याला पुराव्याचा तोटा नाही. आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी-यादीत आय.जी.एफ.-१ व त्याची बदललेली रूपे स्पष्टपणे आहेत. आखाड्यात कमावलेले नाव एका कुपीपायी घालवणे कोणाला परवडेल?

शिक्षकांनाही एक विनंती आहे. नुसते 'हे घेऊ नका' म्हणून मुले ऐकत नाहीत. त्यांच्या हाती प्रश्न द्या. प्रयोग कोणावर झाला : पेशींवर, उंदरावर की माणसावर? तुलना कशाशी केली? नेमके काय मोजले? दोष कोणते आढळले, आणि ते कोणी शोधले? विज्ञानाच्या एका तासाला कोणतीही जाहिरात घ्या, मग ती केस वाढवणाऱ्या तेलाची असो वा उंची वाढवणाऱ्या पुडीची, आणि मुलांकडून हे चार प्रश्न तिला विचारून घ्या. पाठ केलेल्या व्याख्यांपेक्षा ही सवय त्यांना अधिक दिवस पुरेल.

कुस्तीत कोणी केवळ नाव सांगून जिंकत नाही. हौद्यात उतरून पाठ लावावी लागते. विज्ञानातील दाव्यालाही तोच नियम आहे. जो दावा अजून हौद्यात उतरलेलाच नाही, त्याला गदा देऊ नका, आणि आपला दंड तर त्याच्यापुढे मुळीच करू नका.