वहीतली आडवी रेघ

घरातील वृद्धांच्या जेवणाचा विचार सहसा दोनच मार्गांनी होतो. सर्वांसाठी शिजते तेच त्यांच्याही ताटात वाढायचे, किंवा त्यांच्यासाठी निराळे, फिके, ‘पथ्याचे’ शिजवायचे. पहिल्या मार्गाने रक्तदाब आणि साखर हाताबाहेर जाते. दुसऱ्याने सांभाळणाऱ्या सुनेची किंवा लेकीची दमछाक होते, आणि वृद्धाला आपण पंक्तीतून उठवले गेलो असे वाटते. मग ताट अर्धे परत येते. उतारवयात अर्धे परत आलेले ताट हीच अनेकदा आजाराची सुरुवात असते. वजन घटते, पायांतील बळ जाते आणि पडण्याचा धोका वाढतो.

तिसरा मार्ग घरच्या पाककृतींच्या वहीतून जातो. प्रत्येक पदार्थाच्या कृतीत एक ठिकाण असे असते की, तिथवर सर्वांचे एकत्र शिजते आणि तिथून पुढे वृद्धांचा वाटा निराळा काढता येतो. वहीत त्या ठिकाणी एक आडवी रेघ ओढावी आणि शेजारी लिहावे : ‘येथे आजोबांचे काढावे.’ भांडे एकच, चूल एकच, पंगतही एकच.

भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मधल्या इंदापूर तालुक्यात, वरकुट्यासारख्या गावात, घरोघर जे शिजते त्यावरच हे पाहू. पिठले घ्या. फोडणीत हिरवी मिरची आणि मीठ पडण्याआधी रेघ. काढलेल्या वाट्यात थोडे पाणी वाढवून ते सैल केले की दात नसलेल्यांनाही गिळता येते. मटकीच्या आमटीत काळे तिखट घालण्याआधी रेघ. घरच्या तिखटात बहुधा मीठही असते, म्हणून ‘वरून मीठ घातले नाही’ एवढ्यावर समाधान मानू नये. शेंगोळ्यांचे मात्र वेगळे आहे. हुलग्याचे पीठ मळतानाच त्यात लसूण, जिरे, मिरची आणि मीठ जाते. शिजल्यावर बाजूला काढून उपयोग नाही. तिथे रेघ पीठ मळण्याच्याही आधी ओढावी लागते. दोन मुठी पीठ निराळे ठेवावे, त्यात लसूण-जिरे सढळ हाताने आणि मीठ मोजून घालावे. शेंगोळे चावत नसतील तर त्याच पिठाचे पातळ माडगे करावे. हुलग्याच्या 100 ग्रॅममागे सुमारे 22 ग्रॅम प्रथिने मिळतात. 50 किलो वजनाच्या माणसाची दिवसाची शिफारस सुमारे 42 ग्रॅमची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या गरिबाघरच्या धान्याचे मोल कळते. (मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावे.)

आपल्याकडे ज्वारीच्या भाकरीत मीठ नसते, हा या आहाराचा मोठा गुण. परंतु ‘ज्वारी मधुमेहाला चालते’ म्हणून तीन-तीन भाकरी खाणारे कमी नाहीत. ज्वारीतही पिष्टच असते. भाकरीचे पीठ वाटीने मोजावे आणि तो आकडा वहीत असावा.

मोजमापाचीच खरी अडचण आहे. ज्या सासूबाईंच्या हाताला चव आहे त्यांना प्रमाण विचारले की उत्तर येते, ‘अंदाजाने’. हा अंदाज खोटा नसतो. तो हातात असतो, शब्दांत नसतो. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ 1970 साली आले आणि मराठी घरांत इतके रुजले, त्याचे एक मोठे कारण म्हणजे त्यांनी वाटी-चमच्याच्या मापात कृती सांगितल्या. तेच आपल्या घरी करावे. सासूबाईंना प्रमाण विचारत बसू नये. त्यांनी मूठ भरली की ती पातेल्यात पडण्याआधी खाली वाटी धरावी. मुठीतले आधी वाटीत, मग पातेल्यात. वाटी रोजच्या वापरातील एकच ठरवावी. विस्मरण सुरू झालेल्या माणसाकडून तर हे काम लवकर करून घ्यावे. शब्द हरवू लागले तरी हातांची सवय पुष्कळदा मागे उरते. लसूण सोलणे, मटकी निवडणे ही कामे त्यांच्याकडे राहू द्यावीत.

मिठासाठी आणखी एक सोपा हिशेब आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा मीठ खावे. पाच माणसांच्या घरात याचे दिवसाला 25 ग्रॅम होतात आणि एक किलोची पुडी 40 दिवस पुरायला हवी. पुडी फोडल्याची तारीख तिच्यावरच लिहावी. ती वीस दिवसांत संपली, तर कोण किती खातो हा वाद घालण्याची गरज उरत नाही. लोणचे, पापड आणि फरसाणातले मीठ या हिशेबाबाहेरचे, हेही ध्यानात असू द्यावे. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणि रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज ते वापरू नये.

आठवड्याचा बेत आखताना आधी वेळ लिहावी, पदार्थ मागाहून. उसाच्या हंगामात घरातील कर्ती माणसे शेतातून उशिरा परततात आणि जेवणे साडेनऊला होतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या वृद्धाला इतका वेळ ताटकळत ठेवणे धोक्याचे आहे. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घेऊन चहा-न्याहारीला अर्धा ते एक तास थांबावे लागते, लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. हेही त्याच पानावर असावे. आठवड्याची सुरुवात बाजाराच्या दिवसापासून धरावी. पहिले दोन दिवस पालेभाज्या, मग दोडका, गवार, वांगी, आणि अखेरीस मटकी, हुलगा, पिठले. मटकी भिजवून मोड यायला दीड-दोन दिवस लागतात, तेव्हा ‘मटकी भिजत घालणे’ हे दोन दिवस आधीच्या रकान्यात लिहिले तरच बेत पार पडतो. वारफेरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल तर पालेभाजी बंद करू नये, पण एका आठवड्यात रोज आणि दुसऱ्यात मुळीच नाही असेही करू नये. प्रमाण सारखे राखावे.

एकादशीचे पान वहीत स्वतंत्रच हवे. तुकाराम महाराजांची पालखी ज्या तालुक्यातून पंढरीला जाते, तिथल्या वारकरी घरांत वृद्धांना उपवास सोडायला सांगणे हे मला योग्य वाटत नाही. ते ऐकणारही नाहीत. पण साबुदाणा आणि बटाटा हेच उपवासाचे अन्न, असे कुठे आहे? मोजकी भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, ताक हे सारे चालते. ताट पूर्ण रिकामे ठेवून गोळी मात्र नेहमीचीच घेतली तर साखर एकाएकी उतरते : घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर त्याला लगेच साखरपाणी द्यावे. बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता त्वरित दवाखाना गाठावा. त्या दिवशीच्या औषधाची मात्रा डॉक्टरांना आधीच विचारून त्याच पानावर लिहून ठेवावी. आपल्या मनाने ती बदलू नये.

वही मोठ्या अक्षरांत, गडद शाईने, एका पानावर एकच पदार्थ अशी लिहावी. मदतीला आलेल्या परक्या बाईलाही ती वाचता आली पाहिजे. बाकीच्या कृती सवडीने उतरवता येतील. काळ्या तिखटाची मात्र उन्हाळ्यात, मिरच्या भाजायला घेण्याआधीच लिहून घ्यावी. ते वर्षातून एकदाच होते. त्या दिवशी घरात वाटी आणि वही घेऊन कुणीतरी बसावे आणि मीठ किती पडले ते सर्वांत आधी टिपावे.